चार तुकडे मोजताना

शालेय पुस्तकांतील नकाशांची शेवटची तपासणी हे माझे काम आहे, आणि गेल्या हंगामातील एक दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. भारताचा राजकीय नकाशा छपाईला जायचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा निघणार होत्या आणि शेवटचे प्रूफ माझ्या टेबलावर होते.

देशाची बाह्य सीमा आम्ही काढत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाकडून ती जशी येते तशीच उतरवावी लागते, कारण तिच्याशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा 1961 च्या कायद्याने गुन्हा ठरतो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे नकाशाच्या फाइलमधला तो थर आमच्याकडे कुलूपबंदच असतो. नकाशाखालच्या ठरावीक टिपाही तशाच ठेवायच्या असतात. त्यांतील एक टीप सांगते की अरुणाचल प्रदेश, आसाम आणि मेघालय यांच्यातील सीमा 1971 च्या पुनर्रचना कायद्यावरून दाखवल्या आहेत, पण त्या अजून पडताळलेल्या नाहीत. इतके प्रामाणिक वाक्य आमच्या पुस्तकांत क्वचितच असते, आणि मांडणी करणारे जागेसाठी सर्वांत आधी तेच वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत ढकलतात, याचा मला दरवर्षी संताप येतो.

राज्याराज्यांमधल्या रेषा मात्र साध्या कराव्या लागतात. पुस्तकाच्या पानावर देश बसवायचा तर प्रमाण साधारण एकास दोन कोटी येते, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे वीस किलोमीटर. त्या प्रमाणात नदीकाठाने जाणाऱ्या सीमेचे प्रत्येक वळण ठेवले तर रेषा शाईने भरून जाते. हे काम आता सॉफ्टवेअर करते; किती बारीक वळणे गाळायची आणि किती क्षेत्रफळाखालचे तुकडे शेजाऱ्यात विलीन करायचे, एवढेच त्याला सांगावे लागते.

माझी एक जुनी सवय आहे. प्रूफ आले की मी आधी नावे वाचत नाही, पेन्सिलीने तुकडे मोजते. पुदुच्चेरीचे चार हवेत: तमिळनाडूलगत पुदुच्चेरी आणि कारैकल, आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ यानम, केरळच्या किनाऱ्यावर माहे. 26 जानेवारी 2020 पासून दुसरा केंद्रशासित प्रदेशही चार तुकड्यांचा झाला आहे: दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव. त्या दुपारी पुदुच्चेरीचे दोनच भरले. यानम आंध्रात गेले होते, माहे केरळात. मग गुजरातकडे पाहिले, तर दीव नव्हते आणि दादराही नव्हते. सॉफ्टवेअरला पन्नास चौरस किलोमीटरची मर्यादा दिली गेली होती. दूरच्या बेटांचा थर वेगळा असतो, म्हणूनच जेमतेम 32 चौरस किलोमीटरचे लक्षद्वीप वाचले.

ज्या तरुणाने ही फाइल केली होती तो कामाला चोख आहे. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, माहे नऊ चौरस किलोमीटर आहे. आपल्या प्रमाणात ते दीड दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. छापले तरी मुलांना दिसणार नाही." हिशेब अगदी बरोबर होता.

मी त्याला दादराबद्दल सांगितले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये भारताच्या हद्दीची एक चिंचोळी पट्टी होती. 22 जुलै 1954 रोजी दादरा मुक्त झाले आणि 2 ऑगस्टला नगर हवेलीतील सिल्वासा. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी आपली माणसे होती. पुढे पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो दमणपासून या दोन तुकड्यांपर्यंत आणि त्यांच्यामधल्या या पट्टीतून जाण्याच्या हक्कासाठीच. 12 एप्रिल 1960 च्या निकालाने नागरिकांच्या आणि मालाच्या ये-जा करण्याचा हक्क मान्य केला, सैन्याचा आणि शस्त्रांचा नाही. जी पट्टी न्यायाधीशांनी इतकी बारकाईने पाहिली, ती आमच्या नकाशात एका आकड्यामुळे नाहीशी झाली होती.

रात्री साडेनऊपर्यंत बसून आम्ही चारही तुकडे हाताने परत घातले. माहेला एक मिलिमीटर व्यासाचा ठिपका दिला. म्हणजे जमिनीवर सुमारे तीनशे चौदा चौरस किलोमीटर, प्रत्यक्षाच्या जवळजवळ पस्तीस पट. एक चूक दुरुस्त करण्यासाठी मी स्वतःच्या हाताने दुसरे असत्य छापले, आणि तरीही तेच बरोबर होते असे मला वाटते, कारण शाळेतल्या मुलाला माहेचे क्षेत्रफळ नकाशावरून मोजायचे नसते, माहे आहे हे कळायला हवे असते.

पण मग थांबायचे कुठे, याचे उत्तर मला सापडलेले नाही. निघता निघता त्या मुलाने मूळ फाइल मोठी करून नगर हवेलीच्या आतील मघवाल हे गाव दाखवले. ते गुजरातचे आहे आणि चहूबाजूंनी नगर हवेलीने वेढलेले आहे. त्यालाही ठिपका द्यायचा का, असे त्याने विचारले. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेशाने आपापल्या अनुक्रमे 111 आणि 51 छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीने वेढलेल्या भूखंडांची, अदलाबदल केली, पन्नास हजारांहून अधिक माणसे दुसऱ्या देशात न जाता दुसऱ्या देशाची झाली, आणि त्या भूखंडांसाठी आमच्या पुस्तकात एक रेघही बदलावी लागली नाही, कारण ते आम्ही कधी दाखवलेच नव्हते. मघवाल आम्ही तसेच सोडले. प्रूफवर सही करताना त्याच्या जागी पेन्सिलीची एक बारीक खूण मात्र मी केली, आणि ते प्रूफ अजून माझ्या खणात आहे.