दोन बाणांची खूण

आज सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे किमान पाच हातांतून फिरून आलेला. मावशीने घाबरून नातवाला दिवसभर दाराबाहेर पाय ठेवू दिला नाही. मी त्यातलं एक दृश्य गुगल लेन्सवर टाकलं, तर व्हिडिओ जुना, दुसऱ्याच देशातला निघाला! खुलासा लगेच टाकला, पण तो पुढे कुणीच पाठवला नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासात ट्विटरवर खोटी बातमी रिट्विट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त दिसली होती. तेही बॉट्समुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे नव्हे, माणसांमुळे. आपल्यासारख्याच.

रात्री मावशीला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग हळूच म्हणाली, “अरे, पण खरं असतं तर?”