अळीच्या पोटातला नळ : तिसऱ्या बॅचची नोंद

मागच्या दोन बॅचमध्ये एकाच जागी अडलो होतो. एडिस डासाची अळी आतड्यात ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, बनवते हे दिसत होतं, पण ती ते कधी थांबवते हे पकडता येत नव्हतं. या वेळी थोडं हाती लागलंय.

चाचणी तीच, एक्स-रे फिल्मची. डार्करूममध्ये धुतलेल्या जुन्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि काळी चांदी त्यातच अडकलेली असते. त्यावर अळीच्या आतड्याच्या अर्काचा थेंब ठेवायचा; त्यातल्या ट्रिप्सिनने जिलेटिन विरघळलं की चांदी सुटते आणि तिथे आरपार दिसायला लागतं. पहिल्या बॅचला डाग काही केल्या स्वच्छ होईना, तेव्हा अळ्यांनाच कमी समजत होतो. खरी गोष्ट अशी की फिल्मच्या दोन्ही बाजूंना थर असतो! आता मागची बाजू आधीच ब्लेडने खरवडून काढतो. थेंब वाळू नये म्हणून फिल्म ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डबीत ठेवतो.

आतडं काढायचा हातही बसला. बर्फावर सुन्न केलेली चौथ्या, म्हणजे कोषाआधीच्या शेवटच्या अवस्थेतली अळी घ्यायची, एक सुई छातीवर टेकवायची आणि दुसरीने शेवटचा खंड हलकेच ओढायचा. आतडं अखंड सरकत बाहेर येतं. पाच आतडी खायच्या सोड्याच्या पातळ पाण्यात वाटतो. साधं पाणी मुद्दाम टाळलं, कारण अळीच्या मध्यांत्राचा (आतड्याच्या मधल्या भागाचा) पुढचा भाग भलताच अल्कधर्मी असतो, पीएच 10 च्याही वर, आणि मागचा जवळजवळ उदासीन. थायमॉल ब्लू (पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य) पाजलेली जिवंत अळी सूक्ष्मदर्शकाखाली धरा: पुढे गडद निळं, मागे पिवळं, आणि सगळं कातडीतून दिसतं. कितीदा पाहिलं तरी माझं मन भरत नाही. सोड्यामुळे निदान सगळे अर्क एका पातळीवर येतात.

तीन गट केले: भरपेट, 24 तास उपाशी, आणि कोषात जायच्या बेतातल्या. तिसऱ्या गटाची खूण सोपी आहे. छातीच्या कातडीखाली कोषाच्या श्वसननळ्या दोन काळ्या ठिपक्यांसारख्या दिसू लागतात.

भरपेट गटाचा डाग संध्याकाळपर्यंत काचेसारखा झाला. उपाशींचा धूसर राहिला. तिसऱ्याचा जवळजवळ नाहीच. उकळलेल्या अर्काने काहीच केलं नाही, म्हणजे काम विकराचंच होतं.

मग उपाशी अळ्यांना यीस्टमध्ये कोळशाची पूड मिसळून दिली. पोटात काळी रेघ दिसली तेवढ्याच अळ्या सहा तासांनी उचलल्या. डाग पुन्हा स्वच्छ! उपाशी अळीचा ट्रिप्सिनचा नळ बंद होतो, पण अन्न आलं की लगेच उघडतो. ठिपकेवाल्या अळ्यांनी त्याच यीस्टला तोंड लावलं नाही.

या नादाला लागलो तो टीएमओएफ या डासाच्या संप्रेरकामुळे. मादीने रक्त प्यायल्यावर तिच्या अंडाशयातून ते निघतं आणि आतड्याला ‘ट्रिप्सिन पुरे’ असं सांगतं. संशोधक बोरोव्स्की यांनी 1990 मध्ये त्याची रचना मांडली: दहा अमिनो आम्लं, त्यांत सात प्रोलीन, शेवटची सहा तर ओळीने. या प्रोलीनच्या शेपटीमुळे आतड्यातली विकरं त्याला सहज तोडू शकत नाहीत. म्हणूनच ते अळीला खाऊ घातलं तर पचून न जाता शरीरद्रवात पोचतं, ट्रिप्सिनची निर्मिती थांबते आणि अळी अन्नात राहून उपाशी मरते. म्हणजे रक्ताचा थेंबही न चाखलेल्या अळीच्या आतड्याला तो निरोप समजतो.

माझ्या तिसऱ्या गटात नळ कोण बंद करतं? कोषाआधी एक्डायसोन (कात टाकायला लावणारं संप्रेरक) वाढतं आणि ज्युवेनाइल हॉर्मोन (अळीपण टिकवणारं संप्रेरक) उतरलेलं असतं. माझा संशय तिकडेच आहे. पण त्या अळ्या खातच नाहीत, त्यामुळे भूक आणि संप्रेरक या बॅचमध्ये वेगळे करता आले नाहीत. पुढच्या खेपेला चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीपासून दर सहा तासांनी पाच अळ्या काढणार आहे. मला हवी आहे ती ठिपके नुकते उमटलेली, पण पोटात अजून काळी रेघ असलेली अळी.