दगडी वास्तूत प्रसारण यंत्रणा बसवताना: माझा अनुभव

वास्तूत फिरणाऱ्या पर्यटकाच्या कानात माहिती पोचवायची, एवढंच काम होतं. जाड भिंतींचं दुमजली दगडी संकुल, तीन अंगणं, सात थांबे, तीन भाषा. आमच्या गटातले बहुतेक जण रेडिओ आणि थेट प्रक्षेपणातून आलेले, त्यामुळे सिग्नल, माइक, केबल यांची भीती नव्हती. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. रेडिओचा श्रोता कार्यक्रमाच्या वेळेला रेडिओपाशी येतो. इथला श्रोता चालत असतो, आणि प्रत्येकाची चाल निराळी.

ही अडचण जुनीच आहे. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ साली पर्यटकांच्या हाती छोटे रिसीव्हर दिले. फितीवरचं निवेदन लघुलहरींवरून दालनांत सोडलं जाई. सगळ्यांना एकाच क्षणी तेच वाक्य ऐकू येई, त्यामुळे अख्ख्या घोळक्याला एका तालात पुढे सरकावं लागे. मोबाइल आल्यावर दुसरं टोक गाठलं गेलं: क्यूआर कोड टिपा, ॲप उतरवा, आपली फीत आपण वाजवा. मग प्रवेशद्वारापाशी खोळंबा होतो, जाड भिंतींआड नेटवर्क जातं आणि माणूस वास्तू सोडून पडद्याकडे बघत राहतो. आम्हाला या दोहोंच्या मधलं हवं होतं.

आधी पर्याय चाळले. एफएम सगळ्यांत आधी सुचलं आणि सगळ्यांत आधी बाद झालं. ट्रान्समीटर लहान असला तरी बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. शिवाय नव्या फोनांत एफएम बहुधा नसतंच, आणि असलं तरी इअरफोनची तार अँटेना म्हणून लावावी लागते. वाय-फाय मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रवाह वाय-फायवरून सगळ्या फोनांना एकदम पाठवणं, कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा डबा) मल्टिकास्टची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, सहसा सर्वांत कमी वेगाने पाठवतो, पोचपावती नसल्यामुळे हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही, आणि फोन बॅटरी वाचवायला डुलकी घेत असेल तर पॅकेट तोवर अडवून ठेवली जातात. कानाला तुटक बोलणं ऐकू येतं. इन्फ्रारेडचा एक मोठा गुण आहे: ते भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून शेजारच्या दोन दालनांतले आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. पण उघड्या अंगणात ऊन त्याला खाऊन टाकतं.

शेवटी थांब्यांवरच्या निवेदनासाठी ऑराकास्ट घेतलं, म्हणजे ब्लूटूथवरचं एकतर्फी प्रसारण. यात जोडणी करावी लागत नाही आणि ऐकणारे किती यावर मर्यादा नाही. गाइडच्या थेट बोलण्यासाठी मात्र वेगळा डिजिटल संच ठेवला. इथे एक सावधगिरी: युरोपात असे संच ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात विनापरवाना चालतात म्हणून ते कुठेही चालतील असं नाही. आपल्या देशातला पट्टा आधी बघायचा, मग खरेदी.

ऑराकास्टमध्ये आवाजाचा दर्जा निवडावा लागतो. १६ किलोहर्ट्‌झ सॅम्पलिंगला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला १६ हजार नमुने घेतले तर, प्रत्येक प्रवाह सेकंदाला ३२ किलोबिट (केबीपीएस) घेतो, २४ ला ४८ केबीपीएस. १६ वर आवाज ८ किलोहर्ट्‌झपाशी कापला जातो आणि 'श', 'स' बोथट होतात, म्हणून २४ घेतलं. ४८ किलोहर्ट्‌झचा मोह टाळला, कारण श्रवणयंत्रांसह सगळे रिसीव्हर ते उचलतीलच याची खात्री नसते.

आता चालीचा प्रश्न. उत्तर सापडलं ते टेलिटेक्स्टमध्ये, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलसोबत येणाऱ्या मजकुराच्या पानांमध्ये. टेलिटेक्स्टची पानं एकामागून एक फिरत राहत आणि हवं ते पान फिरून येईपर्यंत दर्शक थांबे. आम्हीही प्रत्येक थांब्याचं निवेदन असंच फिरतं ठेवलं. ९० सेकंदांचं एक चक्र एकाच वाहिनीवर फिरवलं, तर मधेच आलेल्या माणसाला सुरुवात मिळायला सरासरी ४५ सेकंद लागतात. उभ्या माणसाला ते फार होतात. अर्ध्यात ऐकून तो पुढे निघतो. तेच निवेदन ३० सेकंदांच्या अंतराने तीन वाहिन्यांवर सोडलं की सरासरी थांबणं १५ सेकंदांवर येतं. आणखी वाहिन्या वाढवून फारसं हाती लागत नाही: सहा केल्या तर साडेसात सेकंद, पण यंत्रणेवरचा भार दुप्पट.

हा भार कुठे पडतो ते समजायला आम्हाला वेळ लागला. एकतर्फी प्रसारणात पोचपावती नसते, म्हणून ट्रान्समीटर प्रत्येक पॅकेट खबरदारी म्हणून अनेकदा पाठवतो. तीन भाषा गुणिले तीन वाहिन्या म्हणजे नऊ प्रवाह एकाच ट्रान्समीटरवर लादले, की या पुनरावृत्तींना वेळच उरत नाही. रिकाम्या दालनात सगळं सुरळीत चालतं आणि गर्दी झाली की अक्षरं गळू लागतात. म्हणून दर भाषेला स्वतंत्र ट्रान्समीटर. रिसीव्हर थांबा आपोआप ओळखतो, भाषा प्रवेशद्वारापाशीच लावून दिली जाते, आणि पर्यटकाच्या हाती एकच बटण राहतं: वाहिनी १, २ किंवा ३. थांब्यावर स्टुडिओतल्या उलट मोजणाऱ्या घड्याळासारखी छोटी पाटी लावली: 'वाहिनी २, १२ सेकंद'. ती पाटी लागल्यावर सूचनापत्रक छापायची गरजच उरली नाही.

ट्रान्समीटरच्या बाबतीत प्रसारणवाल्यांची सवय आड येते. सिग्नल कमी वाटला की शक्ती वाढवायची, असं आमच्या हाडात बसलेलं. इथे उलटं करावं लागलं. शक्ती जास्त असली की दोन थांबे एकमेकांवर चढतात आणि दाराच्या उंबऱ्यावर उभ्या माणसाच्या कानात आवाज इकडून तिकडे उड्या मारतो. मोकळ्या जागेत ६ डेसिबलने शक्ती घटवली की पल्ला साधारण निम्मा होतो; त्या हिशोबाने एकेक पायरी उतरत गेलो. जोडीला रिसीव्हरला नियम घातला: नवा थांबा आधीच्यापेक्षा किमान ८ डेसिबलने जोरात आणि सलग ३ सेकंद दिसला तरच बदल करायचा.

उंचीही महत्त्वाची. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात जिरतात. कमरेच्या उंचीवर लावलेला ट्रान्समीटर पहिल्याच रांगेत अडतो. अडीच ते तीन मीटरवर, डोक्यांच्या वर लावला की घोळक्याच्या मागच्या माणसालाही नीट ऐकू येतं. चाचणी रिकाम्या वेळी घेऊ नये. रिसीव्हर गळ्यात अडकवून, तीस-चाळीस माणसं उभी करून, त्यांच्यामागून चालत घ्यावी. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा घ्यावी, कारण ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते.

दगडाला भोक पाडायचं नाही, ही अट पहिल्या दिवसापासून होती आणि ती रास्तच होती. जिथे खिळा अटळ होता तिथे तो संवर्धनतज्ज्ञांच्या संमतीने दगडांमधल्या सांध्यातल्या चुन्यात बसवला. सांधा पुन्हा भरता येतो, दगड भरता येत नाही. बाकी सगळीकडे तळाला वजन ठेवलेले सुटे खांब. वीज आणि डेटा एकाच केबलमधून नेले. साध्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) पोर्टमधून १५.४ वॉट निघतात आणि केबल १०० मीटरपर्यंत चालते. अशा ट्रान्समीटरला एवढं पुष्कळ झालं. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची केबल टाकू नका. वीज कोसळली की दोन्ही टोकांच्या अर्थिंगमधला फरक त्याच केबलमधून वाहतो आणि स्विच जळतो. तिथे फायबरच.

संहितेवर गेलेला वेळ यंत्रांपेक्षा जास्त होता. वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास ठेवला. त्या हिशोबाने ८० सेकंदांत १४५ ते १५० शब्द मावतात, आणि उरलेले १० सेकंद जागेचाच आवाज: पाखरं, पाणी, पावलं. हे दहा सेकंद शोभेपुरते ठेवलेले नाहीत. तिन्ही भाषांचं चक्र एकाच लांबीचं असावं लागतं, नाहीतर पाटीवरचे आकडे भाषेगणिक बदलतील. आणि भाषांतर मूळ मजकुराहून कधी लांबतं, कधी आखडतं. ती तफावत या दहा सेकंदांत मुरते.

'डावीकडे पाहा' हे वाक्य पहिल्या आठवड्यातच कापलं. कोणाचं डावं? लोक चारी दिशांना तोंडं करून उभे असतात. 'ज्या दारातून आलात त्याकडे पाठ करा' असं सांगून दोन सेकंद गप्प राहायचं, मग 'आता समोरच्या कमानीच्या टोकाला...'. त्या दोन सेकंदांत माणूस वळतो. 'वर सांगितल्याप्रमाणे', 'मघाशी पाहिलेलं' हेही बाद, कारण तो थांबा त्याने गाळलेला असू शकतो. मधेच सामील झालेल्या श्रोत्यासाठी रेडिओवर विषयाचं नाव पुन्हा पुन्हा घेतात. इथेही दर तीन-चार वाक्यांत वस्तूचं नाव घ्यावं, 'हे' आणि 'ते' यांवर विसंबू नये.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. ८० हर्ट्‌झखालचं कापलं, कारण छोट्या इअरफोनला ते वाजवता येत नाही आणि फुकट जागा अडते. सवयीने पहिली फीत प्रसारणाच्या −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळीवर काढली. उघड्या अंगणात ती कुजबुज वाटली. रिसीव्हरचा आवाज पूर्ण वाढवूनही पुरेना. −१६ एलयूएफएस, शिखर −१ डीबीटीपी (आवाजाच्या खऱ्या शिखराचं माप), आणि ३:१ चं कॉम्प्रेशन (मोठे आणि हळू आवाज जवळ आणणं) यावर स्थिरावलो. संगीत बोलण्याखाली किमान १८ डेसिबल दाबलं. घुमारेदार संगीत आवाज आकुंचित करणाऱ्या कमी बिटरेटच्या कोडेकमधून गढूळ होतं, म्हणून कोरडी वाद्यं निवडली. संगीताचे हक्क घेताना रचनेचा आणि मुद्रणाचा असे दोन वेगळे लागतात. एक घेऊन दुसरा राहिला तरी वापर बेकायदाच.

वरच्या मजल्यावरच्या रंगवलेल्या दालनात जिना चढू न शकणाऱ्यांना जाता येत नाही. तिथून थेट चित्र खाली आणायचं ठरलं, आणि सगळ्यांत जास्त चुका इथे झाल्या. प्रकाशाला नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयांत ५० लक्स (प्रकाशाचं माप) ही मर्यादा पाळतात, तेव्हा जादा दिवे लावणं शक्यच नव्हतं. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, २५ फ्रेम, शटर १/५०, आणि चित्रात थोडे दाणे दिसले तरी चालवून घ्यायचे. मंद केलेले एलईडी कॅमेऱ्यात लखलखतात; डोळ्यांना ते दिसत नाही, पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. शटर बदलून पाहा, नाही जमलं तर दिव्याचा ड्रायव्हर बदला.

मग आवाज आणि चित्र यांची फारकत झाली. गाइडचा आवाज रेडिओ संचावरून क्षणात खाली येई. चित्र मात्र एचएलएसमधून, म्हणजे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवणाऱ्या पद्धतीतून. एचएलएसचे तुकडे सहा-सहा सेकंदांचे ठेवले आणि प्लेअरने तीन साठवले, की चित्र अठरा सेकंद मागे. गाइड पुढच्या चित्राबद्दल बोलतोय आणि पडद्यावर अजून मागचंच. एसआरटी ही कमी विलंबाची पद्धत लावली, तिचा मूळचा विलंब १२० मिलिसेकंद, आणि स्थानिक जाळ्यात तेवढा पुरतो. त्यात एन्कोडर आणि पडद्याचा स्वतःचा वेळ मिळवला तरी फरक सेकंदाच्या आत राहतो. तरीही आवाज वेगळ्या वाटेने आणला तर ओठ जुळत नाहीत. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की लोकांना कळू लागतं. म्हणून खालच्या खोलीपुरता रेडिओचा आवाज बंद केला आणि आवाज-चित्र एकाच प्रवाहातून पाठवलं. कॅमेरा चालू असल्याची पाटी दालनाच्या दाराबाहेर लावली, आत नव्हे. आत शिरल्यावर वाचून उपयोग नाही.

थेट गाइडच्या संचात उलटी गंमत आहे. एक कान मोकळा ठेवणारा इअरपीस आम्ही मुद्दाम दिला, पायऱ्यांवर मागून येणाऱ्याची चाहूल लागावी म्हणून. पण त्या मोकळ्या कानाला गाइडचा खरा आवाजही येतो. तीन मीटरवर तो सुमारे ९ मिलिसेकंदांत पोचतो, आणि संचाचा विलंब ५० असेल तर शब्दाला शेपूट फुटतं. खरेदीआधी पुरवठादाराला विलंबाचा आकडा विचारा. ३० च्या आत असलेला घ्या. श्रवणयंत्रवाल्यांसाठी गळ्यात घालायचा लूप (चुंबकीय क्षेत्राने श्रवणयंत्रात आवाज पोचवणारी तार) ठेवा. तिकीट खिडकीवर इंडक्शन लूप टाकणार असाल तर आयईसी ६०११८-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चुंबकीय क्षेत्र शिखराला ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर भरलं पाहिजे. फरशीखाली लोखंडी सळ्या असतील तर क्षेत्र दुबळं होतं, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

रिसीव्हर किती लागतील याचा हिशोब सोपा आहे. गर्दीच्या तासाला ६० जण घेत असतील आणि प्रत्येक जण दीड तास फिरत असेल, तर एका वेळी ९० बाहेर. चार्जिंग, पुसणं, बिघाड यांसाठी वीस टक्के धरा, म्हणजे १०८. नव्वदच घेतले तर दुपारी काउंटरवर रांग लागते. चार्जिंग ट्रेचे संपर्कबिंदू हातांच्या घामाने काळवंडतात आणि रात्रभर ठेवलेला रिसीव्हर सकाळी रिकामा निघतो. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बंद हंगामात रिसीव्हर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा.

एक गोष्ट मात्र यंत्रणा देत नाही. ॲप असतं तर कोणी काय ऐकलं याची नोंद राहिली असती. प्रसारण एकतर्फी, ट्रान्समीटरला कोण ऐकतंय याचा पत्ताच नसतो. म्हणून दर आठवड्याला एक जण पाटीच्या बाजूला वही घेऊन उभा राहतो आणि चक्राच्या कितव्या सेकंदाला लोक इअरपीस काढतात ते टिपतो. चौथ्या थांब्यावर बरेचजण बावन्न-त्रेपन्नाव्या सेकंदाला काढत होते. तिथे सनावळी सुरू व्हायची. ती सात सेकंदांवर आणून तिच्या जागी कमानीतली कोरलेली वेल दाखवली, आता लोक शेवटपर्यंत वर पाहत उभे असतात.