फिंगर जॉइंट कुठे घालावा, कुठे टाळावा

पेटीच्या कोपऱ्याला फिंगर जॉइंट, म्हणजे दोन्ही फळ्यांच्या टोकांना बोटांसारखे दात पाडून ते एकमेकांत बसवलेला सांधा, घातला की खिळे लागत नाहीत, हे खरंच आहे. पण रोज ओढल्या जाणाऱ्या ड्रॉवरच्या दर्शनी फळीला तो घालू नये, असं माझं मत आहे.

आधी ताकदीचा हिशोब. 96 मिमी रुंद आणि 12 मिमी जाड फळीचं टोक दुसरीला नुसतं चिकटवलं, तर फेविकॉलला 1152 चौरस मिमी जागा मिळते. तीही टोकाकडची, जिथे लाकूड फेविकॉल शोषून घेतं आणि सांधा कोरडा पडतो. तिथेच 6 मिमीची बोटं पाडली की दोन्ही फळ्यांची मिळून 16 होतात. त्यांच्यामध्ये 12 × 12 मिमीचे 15 गाल, म्हणजे बोटांच्या बाजू, एकमेकांना चिकटतात, म्हणजे 2160 चौरस मिमी, आणि तेही लाकडाच्या रेषांच्या कडेने, जिथे फेविकॉल खरा धरतो. बोटं 12 मिमीची केली तर गाल सातच, क्षेत्र 1008. जाड बोट दणकट दिसतं, एवढंच.

उणीवही इथेच आहे. बोटं सरळ असतात, डोव्हटेलच्या टोकाला रुंद होणाऱ्या दातांसारखी अडकत नाहीत. फेविकॉल सुटला की फळी जशी आत गेली तशी बाहेर येते. ड्रॉवरला डोव्हटेलच बरा. नाहीतर कोपऱ्यात वरून खाली, सगळ्या बोटांतून 3 मिमीचं भोक पाडून बांबूची खुंटी ठोका. भोक तिरकं गेलं तर बोट फुटतं, हे ध्यानात ठेवा.

टेबल सॉवर कापताना जिगची (फळी धरून सरकवायच्या साच्याची) पट्टी आणि पात्यामधलं अंतर म्हणजे बोटाची जाडी. त्यात 0.1 मिमीची चूक झाली तरी ती प्रत्येक बोटात उतरते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. सांधा घट्ट बसला तर पट्टी पात्याकडे सरकवा, सैल बसला तर लांब. कोरडा सांधा तळहाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर फेविकॉल लावल्यावर लाकूड फुगून तो अर्ध्यातच अडकेल. पातं 12.5 मिमी वर ठेवा, बाहेर आलेला अर्धा मिमी नंतर घासून काढता येतो. फळीमागे टाकाऊ तुकडा धरला नाही तर मागची कड फाटते. प्लायवर तर हमखास. तळाची फळी बसवायची खाच टोकापर्यंत नेली तर बाहेरून चौकोनी भोक दिसतं, तेव्हा ती आधीच थांबवा.

सोलापुरात खरी पंचाईत होते ती एप्रिल-मेमध्ये. चाळिशीपारच्या कोरड्या हवेत फेविकॉलवर काही मिनिटांतच साय धरते. पंखा बंद करा, चारही कोपरे एकदम लावू नका. आधी दोन-दोन फळ्यांचे L आकाराचे दोन भाग तयार करा, मग ते जोडा, आणि क्लॅम्प आवळताना दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, थंडीत, हीच घाई नसते. मात्र क्लॅम्प जास्त वेळ ठेवावा लागतो.

चारही फळ्या एकाच लाकडाच्या आणि सारख्या वाळलेल्या असतील तर त्या एकत्रच फुगतात-आकसतात, कोपऱ्याला ताण येत नाही. फळीची गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे वाळताना कडेची बोटं उघडत नाहीत. चादरींची पेटी कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका: एक बाजू ओली, दुसरी कोरडी, मग सांधा कसा टिकणार?