स्कॉलर, कॉट बेसिस

सदाशिव पेठेत दुपारी अडीच वाजता झेरॉक्सचं दुकान उघडं असेल असं धरून चालणारी मी, म्हणजे पुण्यात पंचावन्न वर्षं काढून काहीच शिकले नाही. शटर अर्ध्यावर. आत पंखा फिरत होता आणि कुणीतरी संथ घोरत होतं. आधार कार्ड मुठीत धरून सावलीला सरकले, तर समोरच्या फाटकावर पाटी: 'जागा देणे आहे. कॉट बेसिस. फक्त स्कॉलर मुलांना. बेल एकदाच वाजवावी.'

बेलचं काही नवल वाटलं नाही. पण मुलगा स्कॉलर आहे हे मालक ओळखत कसे असतील? निर्व्यसनी, शाकाहारी वगैरे निदान विचारता तरी येतं. इथे काय, जिन्यात उभं करून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचा? आणि एखाद्याला मध्येच कमी मार्क पडले तर कॉट काढून घ्यायची?

स्कॉलर हा शब्द आपल्याकडे इंग्रजी राहिलेलाच नाही. इंग्रजीत तो विद्वानांसाठी. आपला स्कॉलर तिसरीतच तयार होतो. तेल लावून पाडलेला भांग, पहिला बाक, खिशाला लावलेलं पेन. घासू वेगळा. घासूला मार्क घासून मिळतात, स्कॉलरला न घासता, असा आमच्या वर्गाचा पक्का समज होता. घासू म्हटलं तर मुलगा चिडायचा, स्कॉलर म्हटलं तर त्याची आई खूश व्हायची. इंग्रज पोरांकडे घासूसाठी 'स्वॉट' आहे, आणि तो म्हणे 'स्वेट'चाच, म्हणजे घामाचाच भाऊ. घासल्यावर घाम येणारच. आणि हे सगळं करूनही शहाणपण न येणाऱ्याला समर्थांनी दासबोधात पढतमूर्ख म्हणून एक आख्खा समास दिला आहे, तेव्हा आपण कुणाला हार जाणार नाही.

झेरॉक्स न घेताच घरी आले आणि कोश उघडून बसले. स्कॉलर निघाला लॅटिन 'स्कोला'पासून, स्कूलही तिथलंच. आणि स्कोला आली ग्रीक 'स्खोले'तून. स्खोले म्हणजे फुरसत. रिकामा वेळ. पोटापाण्याची धावपळ नाही, मग चार लोक बसून बोलणार, त्या बोलण्याचा तास झाला, तास जिथे व्हायचा ती शाळा झाली. कामाधंद्याला त्या लोकांकडे असलेल्या एका शब्दाची तर गंमतच: 'आस्खोलिया', म्हणजे नुसती नसलेली फुरसत. या हिशेबाने स्कॉलर म्हणजे मुळात रिकामटेकडा. मला तर त्या पाटीवाल्या मालकांना फोन करावासा वाटला. काका, कॉट आणि स्कॉलर, अगदी बरोबर लिहिलंय तुम्ही. शटरमागे घोरणाऱ्यालाही घ्या.

पुण्याला हे ग्रीकांनी सांगायची गरज नव्हती. 1821 साली इंग्रजांनी इथे हिंदू कॉलेज काढलं, पेशवे विद्वानांना वाटत त्या दक्षिणेच्या पैशातून, आणि काढलं कुठे? दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात! त्याच कॉलेजचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. तिथे टिळकांनी पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामात घालवलं आणि प्रकृती कमावली. आज एखाद्या आईला मुलाने असं वर्ष मागून बघावं. त्याच विश्रामबागेपासून चार पावलांवर अप्पा बळवंत चौक आहे, आणि जूनमध्ये तिथे गाइडं घेणाऱ्या आयांच्या चेहऱ्यावर फुरसत हा शब्द शोधून सापडणार नाही. अभ्यासिकांमध्ये तर विचारूच नका. एमपीएससीची मुलं प्लायवूडच्या खणात मान घालून बसलेली असतात, खुर्ची महिन्याच्या भाड्याची. बाहेर चहाच्या टपरीवरसुद्धा हातात चालू घडामोडी.

मला एक वाईट खोड आहे. कुणाच्या हातात उघडं पुस्तक दिसलं की मी पान क्रमांक बघते. बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही. नाव नंतर, आधी पान. ही खोड लागली आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात.

वाड्यात वरच्या मजल्यावर एक स्कॉलर होता. माझ्याहून एका वर्षाने मोठा. त्याला नाव होतं, पण सगळे स्कॉलरच म्हणायचे, अगदी भांडीवाल्या मावशीसुद्धा. 1978 साली तो चौथीच्या स्कॉलरशिपला बसणार होता. (मधली काही वर्षं ती परीक्षा पाचवीला आणि आठवीला होती.) दुपारी वाडा झोपला की तो खिडकीत पुस्तक घेऊन बसायचा आणि मी हौदापाशी सागरगोटे खेळत असले की आई आतून म्हणायची, "बघ तो. नाहीतर तू." एकदा काकूंनी वाळवणाची राखण करायला वर बोलावलं तेव्हा मी हळूच बघितलं. बुद्धिमत्ता चाचणी, पान 43. 'गटात न बसणारा शब्द ओळखा.' दुसऱ्या दिवशीही पान 43. तिसऱ्या दिवशीही. तो आपला समोरच्या पिंपळावरच्या घारी बघत होता.

मी कुणाला सांगितलं नाही. लाच म्हणून मला कुरडईचा चीक मिळाला असं नाही, तो तसाही मिळायचा. पण मला वाटलं, हाच खरा पठ्ठ्या. सगळा वाडा त्याला अभ्यासू समजतोय आणि हा घारी मोजतोय. परीक्षेत त्याचा नंबर लागला नाही तेव्हा वाडा दोन दिवस सुतकात असल्यासारखा होता, आणि मी मनातून खूश. परवा कोश बघताना तोच आठवला. म्हटलं, ग्रीकांचा अस्सल स्कॉलर आपल्या डोक्यावरच राहत होता की!

मागच्या महिन्यात एका मुंजीत तो पंगतीला शेजारी आला. जाड भिंगांचा चष्मा, बँकेतून निवृत्त. जिलबी वाढून होईपर्यंत मला राहवलं नाही.

"पान 43 आठवतं का रे?"

तो हसला. पान मला आठवतं याचं त्याला बरं वाटलं असावं. मग म्हणाला, "अगं, मला जवळचं दिसायचंच नाही तेव्हा. प्लसचा मोठा नंबर होता. वर्गात ऐकलेलं लक्षात राहायचं, त्यावर चाललं होतं. चष्मा लागला पुढच्या दिवाळीत."

"मग सांगायचंस ना घरी."

"काय सांगू? स्कॉलरला वाचता येत नाही म्हणून?"

तेवढ्यात मठ्ठा आला. त्याने वाटी पुढे केली.