रामेश्वरम ते चेरुवत्तूर: दोन कंकणांमधली दहा वर्षे

२६ डिसेंबर २०१९च्या कंकणाकृती सूर्यग्रहणासाठी मी आणि माझी लेक केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील चेरुवत्तूरला गेलो, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्याआधीचे असे ग्रहण आम्ही दोघींनी १५ जानेवारी २०१० रोजी रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीच्या वाळूत उभे राहून पाहिले होते आणि त्या वेळी ती सहा वर्षांची होती. दुसरा प्रवास सुरू झाला तसा पहिला प्रवासही मनात सोबत चालू लागला, त्यामुळे या लेखात दोन्ही गाड्या एकाच रुळावरून धावताना दिसतील.

खरे तर हे सगळे सुरू झाले ते मी तिला मागे ठेवून गेले म्हणून. २२ जुलै २००९च्या खग्रास ग्रहणासाठी मी बिहारमधील तारेगना या गावी एकटीच गेले होते. पावसाळ्याचे दिवस, प्रवास लांबचा आणि लेक अवघी पाच वर्षांची, म्हणून तिला आजीजवळ ठेवले. तारेगन्याला त्या सकाळी ढग हटलेच नाहीत. साडेसहाच्या आतच रात्र पडावी तसा अंधार झाला, पक्षी गप्प झाले, हजारो माणसे आकाशाकडे तोंड करून उभी राहिली, पण सूर्य काही दिसला नाही. मी घरी फोन केला, तेव्हा रडून रडून बसलेल्या आवाजात तिने विचारले, "आई, सूर्य सापडला का?" मी नाही म्हणाले, तर ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी मी येते शोधायला." सहाच महिन्यांनी मी तिचा तो शब्द पाळला.

रामेश्वरमच्या प्रवासातला पांबनचा पूल मला आजही तिच्या चपलांमुळे आठवतो. १९१४ साली वाहतुकीला खुला झालेला, दोन किलोमीटरांहून थोडा लांब असा तो जुना रेल्वेपूल गाडी अगदी सावकाश ओलांडत असे. खिडकीतून खाली पाहिले तर रूळ नाही, कठडा नाही, थेट हिरवट पाणी. तिने एकदा खाली पाहिले, मग बाकाखाली ठेवलेल्या आपल्या लाल चपला उचलल्या, त्या आम्हा दोघींच्या मधोमध बाकावर ठेवल्या आणि त्यांच्यावर हात दाबून पूल संपेपर्यंत बसून राहिली. स्वतः पडण्याची भीती तिला वाटलेली दिसत नव्हती. आई शेजारी होती. चपलांना मात्र कोणी नव्हते.

धनुष्कोडीपर्यंत तेव्हा पक्का रस्ता नव्हता. वाळूतून उथळ पाण्यातून वाट काढत जाणाऱ्या जीपगाडीत ती माझ्या मांडीवर बसली होती आणि प्रत्येक धक्क्याला तिची हनुवटी माझ्या मनगटावर आपटत होती. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात हे गाव उद्ध्वस्त झाले. चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती आणि रेल्वे स्थानकाचे अवशेष तेवढे उरले आहेत. तिने त्या भिंतींना हात लावून "इथली मुले कुठे गेली?" असे विचारले, त्याचे नीट उत्तर मला देता आले नाही.

चंद्र पृथ्वीपासून दूर असतो तेव्हा त्याचे बिंब सूर्यबिंबाला पुरे झाकू शकत नाही आणि कडेने प्रकाशाचे कंकण उरते. त्या दिवशी चंद्र दूरच्या बिंदूच्या जवळ होता, म्हणून ते कंकण फार वेळ टिकणार होते: धनुष्कोडीला दहा मिनिटांहून थोडे अधिक, तर हिंदी महासागरात एका ठिकाणी ११ मिनिटे ८ सेकंद. इतके लांबलेले कंकणाकृती ग्रहण यानंतर थेट ३०४३ साली होणार आहे. ग्रहण पाहण्याचा चष्मा तिच्या इवल्याशा नाकावरून सारखा घसरत होता, तेव्हा मी माझ्या केसांचे रबर काढून तो तिच्या डोक्यामागे बांधला. दुपारी सव्वा वाजून गेल्यावर उजेड फिकट, धातूसारखा झाला आणि सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट दिसू लागल्या. मी तिची गवती टोपी काढून उंच धरली, तर विणीतल्या एकेका छिद्रातून वाळूवर सूर्याची प्रतिमा पडली आणि प्रत्येक प्रतिमा कंकणाची होती. ती ओणवी झाली, तिने एक बोट पुढे केले आणि एक कंकण नेमके त्या बोटावर आले. "आई, बांगडी नाही, अंगठी!" ती ओरडली.

चार-पाच मिनिटांनी तिचे पाहून झाले. सहा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटे फार होतात. तिने चष्मा माझ्या हातात दिला आणि ती पाण्याच्या कडेला शिंपले वेचायला गेली. पुढची हजार वर्षे इतके लांबणार नाही असे कंकण डोक्यावर होते आणि मी, एवढ्या लांबून त्याच्यासाठी आलेली, उरलेला बराचसा वेळ त्या विचित्र उजेडात वाकलेली एक लहान पाठ पाहत राहिले. फ्रॉकची मागची गाठ सुटली होती. त्या ग्रहणाचे छायाचित्र माझ्याकडे एकही नाही आणि त्याची खंतही नाही.

चेरुवत्तूरला जाताना कोकण रेल्वेची गाडी पहाटे होन्नावरजवळ शरावतीच्या पुलावर आली, तेव्हा मी जागी होते. हा पूल लांबीला जवळजवळ पांबनच्या पुलाइतकाच आहे. वरच्या बर्थवर लेक गाढ झोपली होती, आणि जिचे पाय पूर्वी रात्रभर माझ्या पोटावर असत तिचे पाय आता बर्थबाहेर डोकावत होते. तिचे बूट खाली, एक इकडे आणि एक तिकडे, उलटे पडले होते. पुलाचा आवाज बदलला तशी मी वाकून ते सरळ केले आणि जवळ ओढून घेतले.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी आठनंतर सूर्याला पहिला चावा लागला. मी पिशवीतून दहा वर्षांपूर्वीचा चष्मा काढला, तर तिने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि शांतपणे माझ्या हातातून काढून घेतला. "यावर ओरखडा आहे, आई. एवढासा ओरखडाही डोळा घालवू शकतो. हा घे." तिने दोन नवे चष्मे स्वतःच तपासून आणले होते. माझा चष्मा नीट बसला आहे का, हे तिने मागून पाहिले. त्यानंतर शेजारच्या काही लहान मुलांना ती इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी समजावू लागली की, सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे आणि सुमारे चारशे पट दूरही आहे, म्हणून दोघांची बिंबे आपल्याला सारखीच वाटतात. हे मी तिला कधीतरी लिंबू आणि मोहरीचा दाणा घेऊन शिकवले होते. तिच्या हातात आता स्वतःची मूठ आणि एका मुलाच्या शर्टाचे बटण होते, आणि माझ्या उदाहरणापेक्षा ते अधिक चांगले चालले होते.

नऊ वाजून चोवीस-पंचवीस मिनिटांनी कंकण जुळले. इथे ते तीन मिनिटांच्या आसपासच टिकणार होते. या वेळी तिने क्षणभरही नजर हलवली नाही; ओठ किंचित उघडे, मान ताठ, आणि तिचा हात माझ्या दंडाला घट्ट धरून. मध्येच तिने पाठीवरची पिशवी पुढे घेतली आणि न बघताच तिच्यातून काहीतरी बाहेर ओढले. ती गवती टोपी होती. एका बाजूची वीण उसवली होती, आणि ती इतकी लहान होती की माझा त्यावर विश्वासच बसेना. ही तिने कुठे जपून ठेवली होती, हे मला आजही ठाऊक नाही. आता माझ्याहून उंच झालेल्या तिने ती हात वर करून धरली आणि म्हणाली, "बोट पुढे कर, आई. लवकर, वेळ कमी आहे."

परतीच्या गाडीत तिने तिची वही उघडली. २०१०च्या पानावर तिने तेव्हा खडूने काढलेले वाकडे वर्तुळ आणि शेजारी शिंपला होता. पुढच्या पानावर तिने आजची वेळ आणि ठिकाण लिहिले, मग पान उलटून वर २१ मे २०३१ ही तारीख घातली. त्या दिवशीचे कंकण केरळ आणि तमिळनाडूवरून जाणार आहे. "तेव्हा तू किती वर्षांची असशील?" तिने विचारले. मी सांगितले. तिने तो आकडा तारखेखाली लिहिला, त्याच्या शेजारी स्वतःचे सत्तावीस मांडले आणि दोन्हींच्या खाली एका ओळीत लिहिले: टोपी शिवून घेणे.