हाथी पोल आणि सोळा सोंगट्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाडी उरवाई दरवाजाने जाते. मी मात्र पूर्वेकडून पायी चढलो. दरवाजामागून दरवाजे ओलांडत शेवटी हाथी पोल येतो. बाबर 1528 मध्ये इथे आला तेव्हा दाराशी दगडी हत्ती होता, त्याने तसं लिहून ठेवलंय. आज हत्ती नाही, नाव तेवढं उरलंय. दुपारी जयविलास राजवाडा पाहिला. दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगण्याआधी छत पेलेल का, हे पाहायला हत्ती वर चढवले होते, ही हकीकत इथे सगळे सांगतात.

संध्याकाळी शहराच्या लष्कर भागात आत्याकडे गेलो. तिने आजोबांचा सारीपाट काढला. सोळा सोंगट्या आणि लांबट फासे, सगळे हस्तिदंती, जुन्या तुपासारखे पिवळसर. आतेभाऊ म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय. हत्ती मरून शंभर वर्षं झाली, आता विकल्या तर कोणाचं काय जातं?"

मला ते बोचलं. आपल्या देशात भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 मध्ये बंद झाला, आफ्रिकन हस्तिदंताचा 1991 मध्ये. हे त्याला ठाऊक होतं, त्याला कारण हवं होतं. सुळ्याचा जवळपास तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो, त्यामुळे शिकारी हत्ती मारूनच तो काढतात. आपल्याकडे सुळे फक्त नरांना. ते वेचून मारले गेले आणि पेरियारमध्ये एका नरामागे माद्या शंभराच्या घरात गेल्या. शिवाय जुनी सोंगटी आणि परवा कातलेली, दुकानात शेजारी ठेवली तर कोण ओळखणार? जुन्याच्या नावाखाली नवं खपतं.

आफ्रिकेत 1979 ते 1989 या दहा वर्षांत हत्ती तेरा लाखांवरून सुमारे सहा लाखांवर आले, म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. 2008 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या चार देशांना शंभर टनांहून अधिक साठा चीन-जपानला विकू दिला. पुढच्या काही वर्षांत शिकार भडकली. दोष विक्रीचा की चीनमधल्या वाढत्या पैशाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. बोट्स्वानासारख्या देशाचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. लाखाहून जास्त हत्ती, तुडवलेली शेतं, माणसं मरतात, आणि गोदामात पडलेल्या दातांतून संवर्धनाला पैसा उभा राहू शकतो. पण बाजार एकदा उघडला की तो फक्त कायदेशीर दात मागत नाही.

आणि हे सगळं ग्वाल्हेरपासून दूर नाही. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे आठ चित्ते इथल्याच हवाई तळावर उतरले आणि पुढे कुनोला गेले. नामिबिया त्या चार देशांपैकीच एक, आणि त्याच्याशी झालेल्या करारात जैवविविधतेच्या 'शाश्वत वापरा'ला, म्हणजे निसर्गातलं मर्यादेत वापरण्याला, आंतरराष्ट्रीय मंचांवर पाठबळ देण्याचं कलम होतं. त्याच नोव्हेंबरात पनामातल्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हस्तिदंताचा व्यापार पुन्हा खुला करण्याचा प्रस्ताव 83 विरुद्ध 15 मतांनी पडला. भारत तटस्थ राहिला. मला ते आजही सलतं. हत्तीला आपणच 2010 मध्ये राष्ट्रीय वारसा प्राणी म्हटलं होतं ना?

आतेभाऊ बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "मग या घरात ठेवायला तरी चालतात का?" मालकीचा दाखला लागतो, म्हणालो. तो शोधूनही सापडला नाही. सकाळी वनविभागात चौकशीला जायचं ठरलं. आत्याने सोंगट्या मोजल्या, धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि पेटीत ठेवल्या.